उसनी छाती

हा-सेखोबे
१३ जानेवारी १९८५

मोसाच्या बाबांना,

मी अजून जगते आहे. तुम्ही कसे जगता? आपल्याकडे पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून केली, नाहीतर आज मला आधी भांडायचं होतं.

नाताळ आला आणि गेला. ज्वारीची बियर घातली होती, ती तुमच्या वाटणीचीसुद्धा शेजाऱ्यांनी पिऊन टाकली, आणि वर म्हणतात, "मामोसा, यंदा जरा आंबटच झाली हं." माणूस येणार म्हणून घातलेली बियर माणूस न येता आंबट होणार नाही तर काय!

तीन दिवस मी अंगणातून हलले नाही. वाऱ्याच्या खिंडीकडे कान लावून बसले. दर वर्षी तुम्ही खिंडीत घोडा थांबवता आणि ओठांत पीस धरून लेसिबा वाजवता. मी काही फार ऐकणारी नाही, मला आधी कळतं ते फात्स्वानामुळे. तुमचा आवाज माझ्या कानी यायच्या आधी ती गाय चरता चरता मान वर करते. मग मी चुलीवर भांडं चढवते. यंदा तिने तीन दिवस मान खाली घालून नुसतं गवत खाल्लं. मला तिचा राग आला. तिचा काय दोष म्हणा.

त्याच्या मागच्या नाताळातही तुम्ही अर्धंच वाजवलं होतंत. सूर मध्येच तुटला. मला वाटलं, घरी यायची घाई झाली असेल. मी मनात हसले होते.

आता खरं बोलते. सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. तुम्ही घरी असता त्या प्रत्येक आठवड्याला मी एक पीचची कोय गाडग्यात टाकते, हे तुम्हाला ठाऊक नाही. या आठवड्यात सगळ्या कोया ओतून मोजल्या. एकशे अठ्ठावीस. त्यातल्या सव्वीस तर तुमचा पाय मोडला त्या वर्षीच्या, फात्स्वाना वासरू होती तेव्हाच्या. अख्ख्या संसाराला अडीच वर्षंही भरत नाहीत. देवाने दुसराही पाय मोडला असता तर, असं वाईट काहीतरी मनात येतं आणि मग मी प्रार्थना करते.

तुम्ही म्हणाला होतात, मोसाचं लग्न झालं की कायमचा येतो. मोसाचं लग्न होऊन तिसरं वर्ष लागलं. पोरगी नांदते आहे, मी एकटी शेण-गवत करते आहे. कधी येता ते लिहा. "लवकरच" असं लिहू नका. तो शब्द झिजून पार गुळगुळीत झाला आहे.

तुमची,
मोसाची आई

*

खाण, दोन नंबरचा शाफ्ट
१० फेब्रुवारी १९८५

मोसाच्या आईला,

मी अजून जगतो आहे. तू कशी जगतेस? माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, हसू नकोस. तू मिशनच्या शाळेत तीन इयत्ता शिकलीस. मी मात्र चाळिशीत, खाणीच्या रात्रशाळेत, आमच्या बराकीतल्या पोरांच्या टवाळ्या ऐकत शिकलो.

नाताळात सुटी मिळाली नाही. मुकादम म्हणाला, खेथिसा, तुझ्यावाचून अडतं. आता आपल्यावाचून कुणाचं अडतं म्हटल्यावर माणूस फुगतो की नाही? फुगलो आणि राहिलो.

पण एक चांगली बातमी आहे. मी आता खाली खडक फोडायला जात नाही. बावीस वर्षं त्या यंत्राने माझी हाडं खिळखिळी केली, पुरे झालं. मला वर दिव्यांच्या खोलीत घेतलं आहे. खाली जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याचा दिवा मी देतो, वर आला की परत घेतो. बढतीच म्हण ना. धूळ नाही, पाणी नाही, कानाशी थडथडाट नाही. खिडकीतून ऊन येतं. तुझ्या नवऱ्याने बावीस वर्षांत पहिल्यांदा दिवसाउजेडी डबा खाल्ला.

छातीचा फोटोही झाला. दर वर्षी काढतात, थंडगार पत्र्याला छाती लावून श्वास धरायला लावतात. डॉक्टरने बघितलं आणि म्हणाला, "बैलासारखी छाती आहे याची." तेव्हा तू काळजी करू नकोस.

पित्सो तुला नमस्कार सांगतो. अजून भटारखान्यातच आहे, आणखी जाड झाला आहे. आठशे माणसांचा मक्याचा घाटा ढवळतो आणि त्यातला निम्मा चाखूनच बघतो. मी त्याला म्हटलं, तुझ्याइतकं सुख तर मालकालाही नाही.

तुझ्या कोयांचं वाचलं. दोनदा वाचलं. कागद दुमडून दिव्यांच्या खोलीत फळीवर ठेवला आहे. एकच वर्ष थांब. खरंच एकच.

तुझा,
मोसाचा बाप

*

हा-सेखोबे
२१ एप्रिल १९८५

मोसाच्या बाबांना,

आम्ही अजून जगतो आहोत, आणि यंदा जरा बरेच जगतो आहोत. तुमचं पत्र वाचून मी फात्स्वानाला वाचून दाखवलं. हसू नका, घरात दुसरं आहे कोण?

धुळीतून वर आलात हे वाचून मी देवळात एक मेणबत्ती लावली. बढती झाली आणि तेसुद्धा लाजत लाजत सांगता! शेजारणीला सांगितलं तर म्हणाली, "दिवे वाटतो म्हणजे तुझा नवरा आता पाद्रीच झाला की." आणि बैलासारखी छाती म्हणता, तर मग या की नांगर ओढायला. ज्वारी कापून झाली, मळणीला माणूस नाही. डॉक्टरला म्हणावं, बैल घरी पाठव.

आता ऐका. मोसाला दिवस गेले आहेत. सप्टेंबरच्या शेवटी, नाहीतर ऑक्टोबरात. पहिलटकरीण आईच्या घरी येते, तशी ऑगस्टात ती येईल. तिचं पोर आपल्या छपराखाली पहिला श्वास घेणार. ती म्हणाली, "आई, बाबांना सांग, मला खिंडीतून लेसिबा ऐकायचा आहे. लहानपणी तो ऐकला की मी अनवाणी पळत सुटायची." मी म्हटलं, आता पोट घेऊन पळू नकोस म्हणजे झालं.

सप्टेंबरात या. नाताळाची वाट नको.

एक विचारायचं होतं. खालच्या वाडीतला मोखेथी खाणीवरून परत आला. बोलता बोलता म्हणाला, खेथिसाभाऊ आता रविवारी पोरांबरोबर नाचत नाहीत, पायरीवर बसून बघतात. मी म्हटलं, बढती झालेला माणूस पायरीवरच बसणार. तो काहीतरी बोलणार होता, मग त्याने टोपी घातली आणि गेला. नाच का सोडलात?

मोसाची आई

*

खाण
१६ जून १९८५

मोसाच्या आईला,

मी अजून जगतो आहे. तूही जगत अस.

इकडे जूनची थंडी यंदा फार आहे. पाण्याच्या नळावर सकाळी बर्फ धरतं. मला थोडी सर्दी आहे, ती सगळ्यांनाच आहे. पत्राला उशीर झाला.

नाच काय, वय झालं. माझ्या वयाचा माणूस नाचायला लागला की पोरं टाळ्या वाजवतात, पण त्या टाळ्या वेगळ्या असतात.

मोसाची बातमी वाचली आणि कामावर बसल्या जागी गाणं म्हटलं. दिव्यांच्या खोलीतला मोझांबिकचा म्हातारा विचारतो, "काय झालं तुला?" मी म्हटलं, आजोबा झालो. तो म्हणाला, "अजून तर झाला नाहीस." मी म्हटलं, गप रे, तुझा दिवा विझव.

सप्टेंबरात येतो. आणि खिंडीतून वाजवीन. मोसाला सांग. गाय जपून ठेव, तिने मान वर केली पाहिजे.

मोसाचा बाप

*

हा-सेखोबे
१४ जुलै १९८५

मोसाच्या बाबांना,

मी अजून जगते आहे. तुम्ही जगता ना? यावेळी मी नुसती रीत म्हणून विचारत नाही.

तुमचं पत्र अर्ध्या पानाचं आलं. तुम्ही कधी अर्धं पान लिहिलं नाहीत. कागद संपला तर तुम्ही कडेने लिहिता, वळवून लिहिता, मला पत्र गोल फिरवत वाचावं लागतं. आणि सर्दी "थोडी" आहे म्हणता. इतक्या पत्रांत तुम्ही सर्दीचं कधी लिहिलंच नव्हतं.

मी काही हुशार बाई नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. खोकता का? रात्री उशी उंच करून झोपता का? वरच्या वाडीतला म्हातारा तसंच झोपायचा. तोही खडक फोडायचा. शेवटी शेवटी भिंतीला टेकून बसून झोपायचा.

नसेल तसं तर लिहा की, मोसाची आई, तू मूर्ख आहेस. मी आनंदाने वाचीन.

बर्फाने डोंगर पांढरे झाले आहेत. तुमचं जाड कांबळं मी उन्हात घालते आणि परत पेटीत ठेवते. त्याला आता माझाच वास येतो, तुमचा गेला.

मोसाची आई

*

खाण
११ ऑगस्ट १९८५

मोसाच्या आईला,

अक्षर बघून दचकू नकोस. माझ्या बोटाला दिव्याचा पत्रा लागला आहे, म्हणून मी सांगतो आणि पित्सो लिहितो.

मोसाची आई, तू मूर्ख आहेस. बघ, लिहिलं. आता आनंदाने वाच.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघतो. पित्सोनेही सुटी काढली आहे, बरोबर येईल. नदीकाठच्या दुकानापाशी दोन घोडी पाठव. माझ्यासाठी म्हातारी, शांत घोडी दे. बोट दुखतं, लगाम ओढवत नाही.

यावेळी परत जायचं नाही असं मनात आहे. कुणाला सांगू नकोस, आधी येऊ दे.

मोसाचा बाप

(वहिनी, मी पित्सो. हा जे सांगतो ते मी लिहितो. जे सांगत नाही ते मला लिहिता येत नाही. घोडी शांतच पाठवा.)

*

हा-सेखोबे
२९ सप्टेंबर १९८५

पित्सो भावजींना,

आम्ही अजून जगतो आहोत. तिघंही. तुम्ही नीट पोचलात का?

तुम्ही एक रात्र राहिलात, घाटा-पालेभाजी खाल्लीत, सकाळी उठून बस गाठलीत. मी तुमच्यापुढे हसून बोलले, शिदोरी बांधून दिली. मोसा भरल्या दिवसांची, तिच्यापुढे तोंड उघडायचं नव्हतं. पण पोटात एक नि ओठांत एक हे मला फार दिवस जमत नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशी दुपारी मी अंगणात ज्वारी पाखडत होते. मोसा सावलीला बसली होती. खिंडीतून लेसिबा वाजला. मोसा किंचाळली, "बाबा आले!" आणि पोट सांभाळत उभी राहिली. मी सूप खाली ठेवलं आणि गायीकडे बघितलं.

फात्स्वाना गवत खात होती.

सूर चांगला होता, भावजी. लांबलचक, भरघोस, मध्ये कुठे तुटला नाही. यांच्याच चालीचा सूर, तुम्ही कितीदा घोकला असेल कोण जाणे. पण लेसिबा म्हणजे काय? काठीला ताणलेली तार, टोकाला गिधाडाचं पीस, आणि बाकी सगळा वाजवणाऱ्याचा श्वास. ओढायचा, सोडायचा. पीस कुणाचंही असेल, श्वास उसना आणता येत नाही. मला वाटलं, हे आलेच नाहीत. तुम्ही यांचे कपडे घेऊन आलात.

मग घोडी वळणावर आली, आणि शांत घोडीवर कांबळ्यात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. ते हलत होतं. मी देवाचे आभार मानले. एवढ्यावरसुद्धा मानले.

ते आत येऊन बसले आणि पंधरा मिनिटं बोलू शकले नाहीत. मोसाला म्हणाले, "तुझ्यासाठी वाजवून दमलो ग." ती रडली, हसली, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी भांड्याकडे तोंड करून उभी राहिले.

मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने नवा फोटो काढला आणि खिडकीला लावून मला दाखवला. जुलैत आपले डोंगर कसे दिसतात? काळा खडक आणि त्यावर सगळीकडे पांढरं. तसं दिसत होतं. डॉक्टर म्हणाला, "हे गेल्या सहा महिन्यांतलं नाही, ही वर्षानुवर्षांची खडकाची धूळ आहे. आणि खाणीच्या कागदांत तीन वर्षं लागोपाठ छाती स्वच्छ कशी?" मी यांच्याकडे बघितलं. यांनी टोपीकडे बघितलं.

परतीच्या वाटेवर, घोडीवरूनच, त्यांनी सगळं सांगितलं. की १९८२ साली, मोसाचं लग्न झालं त्याच्या पुढच्याच महिन्यात, ते छाती लावायला गेलेच नाहीत. तुम्ही गेलात. त्यांचं कार्ड गळ्यात अडकवून, त्यांचा नंबर सांगून. पुढच्या वर्षी पुन्हा, आणि त्याच्या पुढच्याही. बैलासारखी छाती तुमची होती.

भावजी, तो पहिला फोटो खरा निघाला असता तर खाणीने यांना त्याच महिन्यात घरी पाठवलं असतं. मला. इथे. तीन वर्षांचे आठवडे होतात एकशे छप्पन. त्यातले दोन नाताळांचे सहा तुम्ही मला दिलेत. उरले दीडशे. माझ्या गाडग्यात अख्ख्या जन्माच्या कोया एकशे अठ्ठावीस आहेत.

तुम्ही माझ्या नवऱ्याला श्वास दिलात असं तुम्हाला वाटलं असेल. मला काय वाटलं ते मी अजून शोधते आहे.

यांना मी काही बोलले नाही. बोलायला लागले की ते खोकतात.

मामोसा

*

खाण
२० ऑक्टोबर १९८५

वहिनींना,

मी जगतो आहे. लाज वाटते लिहायला, इतका चांगला जगतो आहे.

तुमचं पत्र भटारखान्यात वाचलं. घाटा करपला. आठशे माणसांनी शिव्या घातल्या आणि मी म्हटलं, घाला, आज मला शिव्याच हव्यात.

मी वकिली करत नाही. फक्त कसं झालं ते सांगतो. पोरगा पुरुष होतो त्या डोंगरावरच्या दीक्षेच्या झोपडीत खेथिसा आणि मी एकाच वर्षी होतो. एकाच कांबळ्याखाली कुडकुडलो. तिथल्या भावाने काही मागितलं तर "का" विचारायचं नसतं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मागितलं. म्हणाला, "पित्सो, उद्या माझ्या नंबरवर तू उभा राहा." मी राहिलो.

पण पुढच्या वर्षी मी विचारलं. रीत मोडली. म्हटलं, खेथिसा, छाती खराब आहे तर घरी जा ना. तिकडे वहिनी आहे, गाय आहे, कशाला इथे मरतोस? त्याने काय उत्तर दिलं ते शब्दाला शब्द सांगतो. म्हणाला, "घरी पाठवलेले किती जण तू बघितलेस? सगळे वर्षभरात गेले. ज्याचा फोटो खराब निघाला तो मेला. फोटो निघाला नाही तोवर माणूस खोकतो, फोटो निघाला की मरतो. मला मामोसाकडे जायचं आहे, पण मरायला नाही जायचं. जरा बरा झालो की जातो."

वहिनी, आम्ही सगळेच तसं मानत होतो. बराकीत कुणाचा फोटो खराब निघाला की त्याच्याशी बोलताना लोक आवाज बारीक करायचे. आता तुमच्या पत्रानंतर कळतं, की ते घरी गेल्यामुळे मेले नाहीत, फार उशिरा घरी गेले म्हणून मेले. डोकं आमचं घाट्याचं.

तो बरा व्हायची वाट बघत होता. दर रविवारी पायरीवर बसून लेसिबा ओठाला लावायचा. एक सूर पूर्ण निघाला की जाणार होता घरी. निघायचाच नाही. खिंडीत मी वाजवावं हे त्याने शेवटी, बसमध्ये मागितलं. म्हणाला, "आवाज आला नाही तर ती मला बघायच्या आधीच रडेल." मी म्हटलं, ती ओळखेल. तो म्हणाला, "डॉक्टरांनी तीन वर्षं ओळखलं नाही, ती कशी ओळखेल?" तुमचा नवरा, वहिनी, डॉक्टरांना तुमच्याहून हुशार समजत होता.

गाडग्याचं मला ठाऊक नव्हतं. ते मी भरून देऊ शकत नाही. पण एक करू शकतो, ते उद्या करणार आहे. कागदात त्याची छाती स्वच्छ आहे तोवर त्याला खाणीने आजारी केलं हे कुणी मानणार नाही. मी डॉक्टरपुढे जाऊन सांगतो, ती छाती माझी.

अपराधी,
पित्सो

*

हा-सेखोबे
१० नोव्हेंबर १९८५

पित्सो भावजींना,

आम्ही जगतो आहोत, आणि आता चौघं आहोत. मोसाला मुलगी झाली. जन्मताच असं रडली की शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "अग, पोर आहे की खाणीचा भोंगा?" हे आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "हिला कुणाची उसनी लागणार नाही." मग आम्ही दोघं हसलो. त्या हसण्यात त्यांचा दम गेला, मी पाठ चोळली, आणि चोळता चोळता मला रागच सापडेना. सकाळपर्यंत तर होता.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. "जरा बरा झालो की जातो" तिथे आले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. मी म्हटलं, अहो, मी काय तुम्हाला धडधाकट मागितलं होतं? मी तुम्हाला मागितलं होतं. खोकत आला असतात तरी चाललं असतं. ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं चाललं असतं." सत्तावीस वर्षं लग्नाला, आणि माणसाला माहीत नव्हतं. चूक त्यांची म्हणू की माझी? मीही दर वेळी गाय, ज्वारी, छप्पर असलंच लिहीत आले. चाललं असतं, हे कधी लिहिलंच नाही.

तुम्ही डॉक्टरकडे गेलात का? गेला नसाल तर नका जाऊ. तुमच्या पोटावर पाय येईल. एक छाती गेली ती पुरे.

मामोसा

*

खाण
१ डिसेंबर १९८५

वहिनींना,

मी जगतो आहे.

तुमचं पत्र उशिरा आलं, मी आधीच गेलो होतो. कारकून हसला. म्हणाला, कागद खोटं बोलत नाही. मी सदरा काढला आणि म्हटलं, घे, पुन्हा काढ फोटो, आणि शेजारी ठेव. ठेवले. दोन्ही एकच. बरगडीवर माझी लहानपणीची, गायीने शिंग मारलं होतं तिथली खूण, तीन वर्षांच्या तिन्ही फोटोंत तशीच. मग कुणी हसलं नाही.

त्याच्या कागदावर आता लाल शाईने खरं लिहिलं आहे. नक्कल मिशनच्या दवाखान्यात पाठवली. पुढे काय करतात ते त्यांना ठाऊक, पण निदान कागद आता त्याचा आहे.

माझं काम गेलं. वाईट वाटून घेऊ नका. एवढ्या मोठ्या पळ्याने घाटा ढवळून माझाही हात दुखायचा. नाताळाच्या आधी डोंगरावर येतो. माझं घर तुमच्या पलीकडच्या उतारावर, पण तिकडे जायची वाट तुमच्या अंगणावरूनच जाते. जाऊ का तिथून, की लांबून जाऊ?

पित्सो

*

हा-सेखोबे
१२ डिसेंबर १९८५

पित्सो भावजींना,

आम्ही जगतो आहोत. हे वाक्य आता मी फार सावकाश लिहिते, एकेक शब्द.

हे आता फारसे उठत नाहीत. पीचला फळं धरली आहेत, उन्हाळा लागला आहे, तेव्हा दिवसा मी त्यांना अंगणात बोरूच्या कुंपणाच्या आडोशाला बसवते. मोसा पोरीला त्यांच्या कांबळ्यात गुंडाळून मांडीवर देते. कांबळ्याला पुन्हा त्यांचा वास आला आहे. मी आता आठवड्याला कोय टाकत नाही, रोज एक टाकते. गाडगं ओसंडलं, दुसरं काढलं.

परवा दुपारची गोष्ट सांगते. मी ज्वारी निवडत होते. यांनी खुणेने लेसिबा मागितला. मी म्हटलं, कशाला त्रास? डोळ्यांनीच म्हणाले, दे. मी पीस त्यांच्या ओठांत धरून दिलं, काठी मीच धरली. फुंकायला त्यांच्यापाशी काही नव्हतं. ते फक्त श्वास घेत होते, जसा घेतात तसा, तुटक, घरघरता. वाजवत नव्हते, नुसते जगत होते. आणि ते पीस थरथरलं. आवाज म्हणजे काय, गवतात किडा हलावा तेवढा. मांडीवरच्या पोरीनेही ऐकला नसेल.

कुंपणापलीकडे फात्स्वानाने मान वर केली.

चरणं थांबवून ती बघत राहिली. मी काठी धरून उभी. यांनी तिला बघितलं, मग मला. मी म्हटलं, हो, आलात तुम्ही. ऐकलं मी. भांडं चढवते.

भावजी, लांबून जाऊ नका. अंगणावरूनच या, आणि लवकर या. खिंडीत घोडा थांबवा आणि लेसिबा वाजवा, पण यावेळी यांची चाल नको. तुमची स्वतःची, झोपडीच्या दिवसांतली कुठलीतरी. तुमच्या छातीने, तुमच्या नावाने.

गाय मान वर करणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. आम्ही दोघं करू.

मामोसा